पट्टा

वस्तरा मी घरी न सांगता मागवला होता. पट्ट्याच्या वेळी पकडला गेलो. रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला, काय चाललंय म्हणाले, आणि मी बेसावधपणे बोलून गेलो, "पट्टा बघतोय. वस्तऱ्यासाठी." पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग, "आईकडे देतो."

आमचं घर न्हाव्याचं. अण्णा 'नाभिक' म्हणतात. आजोबा, म्हणजे आप्पा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात बलुतेदार होते. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं आणि त्या बदल्यात वर्षभर त्या घरातल्या सगळ्या पुरुषांची डोकी आणि दाढ्या करायच्या. अण्णा शाळकरी वयात धोपटी घेऊन त्यांच्यामागे हिंडायचे. नंतर त्यांना सरकारी खात्यात कारकुनी मिळाली आणि त्यांनी धोपटीला पुन्हा हात लावला नाही. मी तिसरीत असताना खेळता खेळता चुलतभावाचे केस कापले होते. अण्णांनी मला मारलं ते तेवढं एकदाच.

तर अशा माणसाचा मुलगा, इंजिनियर, हिंजवडीत बसून संध्याकाळभर पट्टे बघत होता. सुरुवात साधी होती. चार पात्यांच्या रेझरने मानेवर पुरळ यायचं, एकपाती वस्तऱ्याने कमी येतं असं वाचलं. आता नाक्यावरच्या सलूनमध्ये वस्तरा म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीत अडकवलेलं अर्धं ब्लेड; एड्सच्या भीतीनंतर जुना वस्तरा तिथून गेला, आणि त्याच्यासोबत भिंतीवरचा पट्टाही. मी घेतला तो जुन्या पद्धतीचा, जर्मनीतल्या झोलिंगेनचा. पात्यावर 'झोलिंगेन' छापायचं तर ते तिथेच बनलेलं असावं लागतं, असा १९३८पासूनचा कायदाच आहे. माल धार लावून आला. म्हटलं, झालं काम.

झालं नव्हतं. या वस्तऱ्याला धार दगडावर लागते, पण रोजच्या रोज राखली जाते ती चामड्यावर. केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ, तरी तो पोलादाची धार मोडतो. एमआयटीच्या लोकांनी २०२०मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, अर्थात बाजारातल्या वापरून फेकायच्या रेझरवर. केस कोनात वाकला आणि धारेतलं पोलाद सगळीकडे सारखं नसलं, की तिथे बारीक टवका उडतो. पट्टा उडालेला टवका भरून काढत नाही. वाकलेली कड सरळ करतो, वर थोडी झिलई देतो. चामड्यावर ५०-६० फेऱ्या, त्याआधी कॅनव्हासवर वीसेक. वस्तरा सपाट ठेवायचा, पाठ पुढे आणि धार मागे, आणि टोकाला पोचलं की पाठीवर उलटायचा. धारेवर उलटला की पट्टा कापला. म्हणून सगळे जाणकार सांगतात, पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, तो तुम्ही कापणारच आहात.

मी स्प्रेडशीट केली. (हसू नका, आमच्याकडे भाजीचीही होते.) रुंदी: पातं साधारण ३ इंच, म्हणून ३ इंची पट्ट्यावर पूर्ण धार एका ओढीत बसते, अडीच इंचीवर तिरकं ओढावं लागतं, ते नवख्याला जमत नाही. टांगायचा की लाकडावर चिकटवलेला? टांगत्याला खुंटी हवी आणि हातात ताण हवा. ढिला सोडला तर चामडं झोळीसारखं खाली जातं, धारेभोवती वळतं आणि धार गोल होते. लाकडावरच्या पट्ट्यात ती भीती बरीच कमी. खरं सांगायचं तर भाड्याच्या घरात राहणाऱ्या नवशिक्याने तोच घ्यावा. मी टांगता घेतला. का, ते स्प्रेडशीटमध्ये नव्हतं.

राहिलं चामडं. बाहेरचे पट्टे गाईचे नाहीतर घोड्याचे, आणि घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कॉर्डोव्हनची किंमत माझ्या भाड्याच्या आसपास. आई माळकरी आहे. गाईचं चामडं रोज सकाळी गालाशी आणतोय, हे तिला सांगायची माझी छाती नव्हती. शेवटी पेठेत चपला शिवणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांच्याकडे म्हशीचं होतं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. "कमरेचा पट्टा ना?" म्हणाले. वस्तऱ्याचा, म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "वडलांच्या दुकानात द्यायचो आम्ही. किती वर्षं झाली कुणी मागितला नाही." तेल कमी प्यालेला, कण बारीक असलेला तुकडा त्यांनीच निवडला. ३ बाय २०, दोन्ही टोकांना कड्या. साडेतीनशे रुपये. "सलून आहे का?" विचारलं त्यांनी. मी नाही म्हणालो, आणि गरजेपेक्षा जोरात म्हणालो, हे मलाच ऐकू आलं. गाडी सुरू करेपर्यंत तोच शब्द कानात होता.

जाणकार खरे ठरले. तिसऱ्या दिवशी पहिला काप, आठवड्याभरात आणखी दोन.

महिन्याने अण्णा-आई पुण्याला आले. पट्टा बाल्कनीच्या गजाला टांगलेला. मी तो काढून ठेवणार होतो, राहून गेलं. की राहू दिलं, कोण जाणे. चहा घेऊन अण्णा तिकडे गेले. बोटांनी काप चाचपले. "ढिला धरतोस," म्हणाले. मी काहीच बोललो नाही. मग त्यांनी वस्तरा मागितला, डाव्या हाताने पट्टा ताणला आणि ओढायला लागले. आवाज एकसारखा, टोकाला मनगट नव्हे, फक्त बोटं फिरत होती. ते हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी करत होते. शेवटी पट्टा सोडून त्यांनी वस्तरा उघड्या तळहातावर चार वेळा फिरवला.

"अण्णा, लागेल!"

"आप्पा असंच करायचे. तळहाताला घट्टे होते त्यांच्या." आपला हात त्यांनी उलटून पाहिला. कारकुनाचा हात, मऊ. "मला सांगायचे, पट्टा नीट धर रे. दुसरं टोक माझ्याकडे असायचं. ऊन असायचं, लोक ओट्यावर, आम्ही खाली." एवढं बोलून थांबले. मीही पुढे विचारलं नाही.

आतून आईने हाक मारली, पोहे निवताहेत म्हणून. अण्णांनी वस्तरा पुसला, मिटला, माझ्या हातात दिला. "शेजारी कुणी बघत नाहीत ना इकडून?"

"समोरची इमारत रिकामीच आहे."

"तरी आत टांग. आणि ते काप बारीक पॉलिश पेपरने घासून घे, नाहीतर धार अडकेल."

तीन कापांतले दोन घासून गेले. तिसरा चिकटवलाय, ओढताना अजून किंचित लागतो. पट्टा आता बाथरूमच्या दारामागे आहे. तिथे जागा इतकी कमी की कोपर भिंतीला आपटतं.