पावसाने कापलेला पगार

पावसाळा संपत आला की आमच्या मुंब्र्यातल्या गल्लीत पगाराच्या स्लिपा वाचायचं काम माझ्याकडे येतं. मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते, वकील वगैरे नाही. तरी शेजारपाजारचे लोक 'बाजी, जरा बघा ना, हे काय कापलंय?' म्हणत येतात. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: बिनपगारी रजा. ज्या दिवशी पावसाने लोकल बंद पडली, तो दिवस.

2025 च्या ऑगस्टनंतर अशीच एक स्लिप माझ्या धाकट्या भावाने पुढे ठेवली. मस्जिद बंदरच्या बाजूला एका गोदामात तो पॅकिंगचं काम करतो. पगार 18,000, त्यातून दोन दिवसांचे 1,200 गेलेले. त्यातला एक दिवस 19 ऑगस्टचा होता. त्या दिवशी मुंबईत सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांना सुट्टी दिली होती. खासगी ऑफिसांना सांगितलं होतं, जमेल तिथे लोकांना घरून काम करू द्या. आता खोकी घरून कशी भरायची? म्हणजे पाऊस एकच, पण कारकुनाचा पगार शाबूत, कॉम्प्युटरवाल्याचा शाबूत आणि खोकी भरणाऱ्याचा कापला.

हे कायद्याला धरून आहे का, असं त्याने विचारलं. दुर्दैवाने बऱ्याच अंशी आहे. 1936 च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टनुसार कामावर नसलेल्या वेळेचा पगार मालक कापू शकतो. मात्र जेवढी गैरहजेरी तेवढाच. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांची कात्री लावता येत नाही, आणि उशिरा पोहोचलेल्याचा अख्खा दिवसही खाता येत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ'ची तरतूद होती. नैसर्गिक आपत्तीमुळे मालक काम देऊ शकला नाही, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. ती 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी, आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्यांसाठी. हे दोन्ही कायदे आता नव्या संहितांमध्ये सामावले आहेत, पण या बाबतीत विचार तोच राहिला आहे.

या ले-ऑफच्या तरतुदीत एक अट आहे. कामगाराने ठरलेल्या वेळी कामाच्या जागी हजर व्हायला हवं. गेटवर उभा राहिला आणि पाणी भरल्यामुळे काम मिळालं नाही, तर तो भरपाई मागू शकतो. पण गेटपर्यंत पोहोचलाच नाही, तर तो गैरहजर. कारखाना बुडाला तर ती आपत्ती, आणि रूळ बुडाले तर मात्र कामगाराची गैरहजेरी! कारखान्याशेजारच्या चाळीत राहणारा कामगार डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही अट असावी. मुंबईचा कामगार आज तिथे राहत नाही.

तो लांब का राहतो, हेही विचारायला हवं. मुंब्र्यातली किती घरं 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबई सोडून इकडे आली, हे इथल्या कुणालाही विचारा. लोक इकडे आले, कामं तिकडेच राहिली. जोराचा पाऊस झाला की मध्य रेल्वेचं पाणी आधी कुर्ला-सायनला भरतं, आणि आमचा रस्ता नेमका तिथूनच जातो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर शहराने पंप बसवले, नाले रुंद केले. पगाराच्या नियमात मात्र त्या पावसाचा एक थेंब शिरला नाही.

मालकाची बाजूही खोटी नाही. त्या दिवशी त्याचंही शटर बंद असतं, भाडं मात्र चालू असतं. पण पावसाचं नुकसान दोघांचं असेल, तर ते दोघांनी वाटून घ्यावं. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याबद्दलची हदीस ठाऊक नाही असा व्यापारी आपल्याकडे विरळा. कमरेएवढ्या पाण्यातून अर्ध्या वाटेवरून परतलेला माणूसही त्या दिवशी कामासाठीच निघाला होता, एवढं तरी त्याने मोजावं.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा आहेत. मुळात 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी केलेला हा कायदा. छोट्या दुकानातल्या पोऱ्याला तोही आधार नाही. ज्यांना या रजा मिळतात, त्यांच्या पावसाच्या दिवसांवर त्या परस्पर टाकल्या जातात. पगार वाचतो, पण ईदला गावी जायचं म्हणून राखलेले दिवस जुलैतच संपतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या शेजाऱ्याचंही तेच दुखणं.

वेगळं काही करता येतं का? येतं. ऑक्टोबर 2024 मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात पूर आला, दोनशेहून जास्त माणसं गेली. कामावर थांबवून घेतलं म्हणून अनेक जण अडकले, असा तिथे संताप उसळला. महिन्याभरात सरकारने हुकूम काढला: हवामानामुळे प्रवासावर सरकारी निर्बंध असतील, तर कामगाराला 4 दिवसांपर्यंत पगारी रजा. आपल्याकडेही हवामान खातं रेड अलर्ट देतं, प्रशासन घराबाहेर पडू नका म्हणतं. त्यांचं ऐकणाऱ्याचा पगार कापला जाऊ नये, एवढा साधा नियम इथेही करता येईल.

तो होईपर्यंत भावाला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. लोकल बंद पडली की त्याच वेळी सुपरवायझरला मेसेज टाका, रेल्वेची सूचना आणि स्टेशनचा फोटो जोडा. रजा शिल्लक असेल, तर बिनपगारीऐवजी ती लावायची की नाही, हे तुम्हाला विचारून ठरवा म्हणावं. बदली दिवस भरून द्यायची तयारी दाखवा. आणि पावसाच्या दिवसांचं काय करायचं, ते मेमध्येच सगळ्यांनी मिळून मालकाशी बोलून कागदावर घ्या.

भावाने आणि त्याच्या सोबतच्या चौघांनी तसं बोलून पाहिलं. दोनपैकी एका दिवसाचे 600 परत मिळाले, दुसरा दिवस गेला. मालकाने पुढच्या पावसाळ्यासाठी रविवारी बदली काम मान्य केलंय, अजून तोंडीच. कागद मिळेपर्यंत विचारत राहा, असं मी त्याला सांगितलंय.