कोल्हापूरच्या तालमीचा उंबरठा

कोल्हापूर पाहावयास जाणारा प्रवासी प्रथम अंबाबाईच्या दर्शनास जातो, सायंकाळी रंकाळ्याच्या काठी घटकाभर बसतो, आणि सवड उरल्यास पन्हाळ्यावर एक फेरी करून येतो. परंतु या नगरीत आणखी एका दैवताची उपासना चालते, व त्याची मंदिरे पेठापेठांतून आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती मंदिरे म्हणजे येथील तालमी. गेल्या मार्गशीर्षात आम्ही कोल्हापुरास गेलो, ते मुख्यत्वे त्यांपैकी एकीचे दर्शन घडावे म्हणून.

आमच्याबरोबर आमचा १७ वर्षांचा पुतण्या होता. दोन वर्षांपूर्वी विषमज्वराने तो खालावला, त्यानंतर त्याची प्रकृती सुधारली, पण अंग काही भरले नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. पुण्यात घराजवळच्या एका आधुनिक व्यायामगृहाची फीही भरून झाली. परंतु तेथील भिंतीभर आरसे आणि त्यांपुढे दंड फुगवून उभे असलेले तरुण पाहून चिरंजीव दोनदा दारातूनच परत आले. यावर घरात मते निरनिराळी पडली. आजी म्हणाल्या, डिंकाचे लाडू खाऊ द्या, आपोआप अंग धरील. वडिलांना तो निव्वळ आळस वाटला. त्याच्या आईस मात्र खरी गोष्ट ठाऊक होती. मुलगा पोहावयास जाईनासा झाला होता, आणि घरच्या कार्यात सोवळे नेसून उघड्या अंगाने पंक्तीस बसण्याची वेळ आली की त्याचे डोके दुखू लागे. चारचौघांत हसे होईल ही धास्ती त्याला हळूहळू माणसांतूनच उठवीत होती. तेव्हा हा प्रश्न दंडाच्या घेराचा नव्हता, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

पहिल्या दिवशी देवीचे दर्शन आटोपून आम्ही खासबाग मैदानात गेलो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या प्रवासास गेले असता रोम येथील प्राचीन रंगभूमी त्यांच्या पाहण्यात आली, आणि तिच्या धर्तीवर आपल्या राजधानीत कुस्तीचे मैदान असावे असे त्यांनी मनात घेतले. १९१२ साली हे मैदान सिद्ध झाले. मध्यभागी मातीचा हौदा, आणि सभोवार चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेत बसणारासही मल्लांची पकड स्पष्ट दिसावी, अशी ही योजना आहे. मैदान त्या वेळी रिकामे होते, तरी पुतण्या हळूच म्हणाला, "काका, एवढ्या लोकांच्या नजरा अंगावर घेऊन मनुष्य उभा तरी कसा राहत असेल?"

आम्ही त्यास खाशाबा जाधवांची हकीकत सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे हे मल्ल येथील राजाराम महाविद्यालयात शिकत होते. महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत नाव देण्यास गेले असता, अंगकाठी लहान म्हणून त्यांस प्रथम नकार मिळाला, व प्राचार्यांनी परवानगी दिल्यावर त्यांनी आपल्याहून थोराड गडी चीत केले, असे सांगतात. याच गृहस्थांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात लाभलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. पुतण्याने सर्व ऐकून घेतले व म्हटले, "ते खाशाबा होते." थोरांची चरित्रे भित्र्या मनास नेहमीच धीर देतात असे नाही. कधी कधी ती आपली उंची अधिकच खुजी भासवितात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचास आम्ही एका पेठेतील जुन्या तालमीच्या दाराशी उभे राहिलो. वस्तादांशी आदल्या सायंकाळीच बोलणे करून ठेवले होते. दार इतके ठेंगणे की आत जाणारास वाकावेच लागे. आत कोनाड्यात शेंदूरचर्चित मारुती, भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर, एका अंगास मुद्गल, करेल आणि दगडी गुंड, आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. या मातीत तेल, ताक, हळद, कापूर आणि लिंबाचा रस घालून ती मऊ व ओलसर राखतात. दारात पाऊल टाकताच तिचा थंड, आंबूस सुगंध येतो. आरसा मात्र आम्हांस कोठेच दिसला नाही.

पुतण्या उंबरठ्यावरच थबकला. वस्तादांनी त्याजकडे पाहिले व विचारले, "काय रं बाळ, कुस्ती खेळाय आलाईस का बघाय?"

उत्तर आले नाही. वस्तादांनी हसण्यावारी न नेता त्याच्या हाती फावडे दिले. "आज कुस्ती न्हाई आणि काय न्हाई. आधी हौदा उकर. माती वळखीची झाली की भ्या जातंय."

या तीन वाक्यांत किती शहाणपण आहे ते आम्हांस पुढील अर्ध्या घटकेत कळले. नवख्या माणसास सर्वांत मोठी अडचण ही की, हातांचे करावे काय आणि उभे राहावे कोठे, हे त्यास समजत नाही. म्हणून सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत असे त्यास वाटू लागते. तालमीच्या रिवाजाने ती अडचण पहिल्याच क्षणी दूर केली. लंगोट बांधावयाचा, मारुतीस नमस्कार करावयाचा, चिमूटभर माती कपाळी लावावयाची, आणि फावडे घ्यावयाचे. नामांकित मल्लासही हाच क्रम आहे. हौदा उकरताना मुलाच्या पाठीस, खांद्यांस व मनगटांस व्यायाम घडतच होता. परंतु त्याचे चित्त ढेकळांत गुंतल्यामुळे आपली छाती किती इंच, हा विचार त्यास सुचला नाही. शेजारच्या एका दणकट गड्याने "खाली वाकून मार, कंबर धरंल" एवढे सांगितले व तो आपल्या बैठकांस लागला. बाकीच्यांनी वळूनही पाहिले नाही. जो तो आपला श्वास मोजीत होता.

त्या दिवशी वस्तादांनी त्याजकडून १० जोर व २० बैठका काढविल्या आणि तेथेच थांबविले. दुसऱ्या दिवशी अंग ठणकले. उतरत्या पायऱ्या त्यास डोंगरासारख्या झाल्या, तेव्हा तिळेल चोळून त्यास विश्रांती दिली. तिसऱ्या दिवशी आम्ही जागे होण्यापूर्वीच तो एकटा तालमीत जाऊन आला होता, आणि कानांमागची माती अजून धुतली गेली नव्हती.

पुण्यास परतल्यावर त्याने आमच्या पेठेतील एका तालमीत जाणे सुरू केले आहे. वजनात म्हणण्यासारखा फरक अद्याप पडलेला नाही, व आम्ही तो विचारीतही नाही. आता तो आपण होऊन माणसांत येऊन बसतो, एवढ्याने त्याच्या आईचा जीव भांड्यात पडला आहे.

कुस्तीचा हौदा सर्वांस उपलब्ध नसतो, आणि जुन्या तालमी प्रायः पुरुषांच्याच असल्या तरी आता मुलीही मोठ्या हौसेने कुस्ती शिकत आहेत. व्यायामाचे स्थळ कोणतेही असो, घरातील वडील मंडळींस काही गोष्टी सहज करता येतील. शिकविणारास आगाऊ भेटून मुलाची प्रकृती सांगावी. गर्दीची वेळ टाळावी. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जावे, परंतु आत बसून राहू नये. पहिल्या पंधरवड्यात आकडा लहान ठेवावा, आणि दुसऱ्याच्या मुलाशी तुलना तर मुळीच करू नये. जेथे यंत्रे आहेत तेथेही नवख्याने प्रथम एकच साधन नीट शिकून घ्यावे, म्हणजे त्या अनोळखी जागेत निदान एक कोपरा आपला होतो. संकोच उपदेशाने जात नाही. हातांस काही काम मिळाले की त्याचा जोर ओसरतो, आणि हे काम नेमून देणारे माणूस गाठून देणे वडिलांस अशक्य नाही.