किती लांबचं 'जर'

चि. सोनूस,


तुझी ओईटीची, म्हणजे नर्सिंगसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी जोरात चालू असल्याचं ताईकडून कळलं. शब्द पाठ आहेत, काळही बरे जमतात, पण 'इफ' आलं की वाक्य अर्ध्यावर अडतं, असं तू तिला म्हणालीस. क्लासमध्ये शून्य, पहिलं, दुसरं, तिसरं अशी चार कंडिशनल, म्हणजे अटीची वाक्यं, शिकवली आणि त्यांचा तक्ता तू भिंतीवर लावला आहेस म्हणे. राहू दे तो. पण उद्या इंग्लंडच्या वॉर्डात पेशंटच्या उशाशी उभी राहशील तेव्हा नंबर आठवून बोलायला सवड मिळायची नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी आपल्या बोलण्याकडे कान दे. "पाऊस आला तर जाऊ नकोस," असं आपण म्हणतो. पाऊस अजून यायचा आहे, तरी 'आला' म्हणतो. "पैसे असते तर घर घेतलं असतं," यातलं 'असते' म्हणजे पैसे नाहीत. क्रियापदाचं रूप दर वेळी काळच सांगतं असं नाही, ही समज तुला बोलायला लागलीस तेव्हापासून आहे. मराठी व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात. शाळेत तू ते घोकलं होतंस.

इंग्रजीचंही तसंच आहे. "इफ आय हॅड टाइम" यातलं 'हॅड' कालचं नाही, आजचंच आहे. वेळ नाही एवढंच ते सांगतं. भूतकाळाचं रूप इथे गोष्ट वास्तवापासून किती लांब आहे ते दाखवतं. "इफ आय हॅव टाइम" म्हटलं तर वेळ मिळण्याची शक्यता उघडी आहे. 'हॅड' म्हटलं की ती लांब गेली. "इफ आय हॅड हॅड टाइम" म्हटलं की सगळं होऊन गेलं, आता हातात काही नाही. बोलण्याआधी स्वतःला एवढंच विचार: ही गोष्ट माझ्यापासून किती लांब आहे? रूप आपोआप सुचायला लागेल.

हे अंतर पेशंटला फार लवकर कळतं. ऑपरेशन होऊन पडलेल्या आजोबांना तू "इफ यू गो होम" म्हणालीस तर त्यांच्या पोटात गोळा येईल. म्हणजे घरी जाईन की नाही, हेच नक्की नाही? "व्हेन यू गो होम" म्हणालीस की जाणं ठरलेलं, फक्त दिवस ठरायचा. आपणही "घरी गेलात की पथ्य पाळा" आणि "घरी गेलात तर पथ्य पाळा" यांत फरक करतोच. आणि डॉक्टरांनी घरी सोडण्याबद्दल काही सांगितलेलं नसेल तर 'व्हेन' तोंडातून काढू नकोस. आजारी माणूस अशा शब्दाला धरून बसतो, त्यामुळे खोटा धीर देणंही तितकंच वाईट.

नातेवाइकांशी बोलताना तर तिसऱ्या रूपाला फार जप. "इफ यू हॅड ब्रॉट हिम अर्लियर..." हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण ऐकणाऱ्या मुलाला ते आयुष्यभर पुरेल. तोच मुलगा स्वतः म्हणेल, "इफ ओन्ली आय हॅड कॉल्ड सूनर." तो प्रश्न विचारत नाही, उत्तरही मागत नाही. तिथे वाक्य पुरं करायला जाऊ नकोस, त्याच्याजवळ थांब.

रडयार्ड किपलिंगची 'इफ' ही कविता मिळवून वाच. हा माणूस १८६५ साली मुंबईत जन्मला, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. त्याच्या साम्राज्यवादी विचारांशी माझं मुळीच जमत नाही, पण १९१० साली पुस्तकात आलेल्या या कवितेइतकं 'इफ' शिकवायला चांगलं साधन मला दिसलेलं नाही. ३२ ओळी, अटीमागून अट, आणि त्या सगळ्यांचं फळ अगदी शेवटच्या दोन ओळींत. अटी इतक्या कठीण की कुणालाही धाप लागावी, पण सगळ्या साध्या वर्तमानकाळात. कवितेतला बाप मुलाला 'कॅन' म्हणतो, 'कुड' म्हणत नाही. 'कुड' म्हटलं असतं तर, तुला काही हे जमायचं नाही, असा सूर लागला असता.

आता आपल्या सवयीच्या चुका. आपण 'जर' खुशाल गाळतो, 'तर' मात्र सोडत नाही. इंग्रजीत 'इफ' सहसा लागतंच आणि 'देन' बहुधा नको असतं. "इफ इट विल रेन, देन..." असं लिहिलंस की मराठी उघडी पडते. 'इफ'नंतर भविष्यातलं घडणं सांगताना 'विल' नको. आणि "डॉक्टर येत नाहीत तोपर्यंत" यावरून "अन्टिल द डॉक्टर डज नॉट कम" होतं, ते कटाक्षाने टाळ. 'अन्टिल' आणि 'अनलेस' यांच्या पोटात नकार आधीच आहे: "डोन्ट वेक हर अनलेस शी इज इन पेन" म्हणजे दुखत नसेल तर उठवू नका.

'इन केस'कडे मात्र नीट लक्ष दे, त्यावर औषध अवलंबून आहे. "गिव्ह हर द टॅब्लेट इफ शी फील्स सिक" म्हणजे मळमळलं तरच गोळी द्यायची. "इन केस शी फील्स सिक" म्हणजे मळमळेल म्हणून आधीच देऊन ठेवायची. आपल्याकडे 'इन केस' सर्रास 'जर'च्या अर्थाने वापरतात. ब्रिटिश माणूस तसं समजेलच असं नाही. शंका आली तर पुन्हा विचार, त्यात कमीपणा नाही.

तिथल्या नर्सेस "इफ यू कुड जस्ट रोल अप युअर स्लीव्ह फॉर मी" एवढंच म्हणून थांबतात. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. ती विनंतीच आहे. "जरा बाजूला झालात तर..." एवढ्यावर आपणही थांबतो.

काही 'जर' अटच घालत नाहीत. "भूक लागली तर डब्यात चिवडा आहे." भूक लागो न लागो, चिवडा डब्यात असतोच! ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली एका व्याख्यानात असंच बिस्किटांचं उदाहरण दिलं, त्यावरून पुढे अशा वाक्यांना बिस्किट कंडिशनल म्हणायची पद्धत पडली. "आय ॲम जस्ट आउटसाइड इफ यू नीड मी." मी बाहेर आहेच, तुम्ही हाक मारा किंवा मारू नका. रात्रपाळीला हे वाक्य तुला रोज लागेल.

परीक्षेत ४५ मिनिटांत पत्र लिहायचं असतं. शेवटी "शुड यू रिक्वायर एनी फर्दर इन्फर्मेशन" असं लिहितात. त्या 'शुड'चा 'पाहिजे'शी संबंध नाही, ते 'इफ'चं अदबीचं रूप आहे. पत्राच्या शेवटी एकदाच वापर, प्रत्येक परिच्छेदात नको.

सरावाची दोन पत्रं लिहून मला पाठव, लाल शाईने तपासून परत करीन. ताई-भाऊजींना नमस्कार सांग आणि रात्री जागून अभ्यास करू नकोस.

तुझी,
मावशी