चेंडू येण्याआधी

मधल्या फळीतल्या बारा वर्षांच्या पोराकडे पास निघालेला असतो आणि त्याचे डोळे चेंडूला चिकटलेले असतात. चेंडू पायात येतो, तो मान वर करतो, तोवर मागचा गडी अंगावर आलेला. लोक म्हणतात, पोरगं संथ आहे. पाय संथ नसतात. बघायचं राहून गेलेलं असतं.

कोल्हापुरात मुलांना फुटबॉल शिकवताना माझा बराचसा जीव या बघण्यातच गुंतलेला असतो. नॉर्वेच्या गेइर यॉर्डेट या संशोधकाने इंग्लिश प्रीमियर लीगच्या ११८ खेळाडूंचं चित्रण तपासलं. चेंडू मिळण्याआधी जे वरचेवर मान वळवून बघत होते, त्यांचे पास जास्त अचूक जात होते. फ्रँक लॅम्पार्ड त्यांत अगदी वरच्या रांगेत होता.

पण 'मान फिरव' एवढंच सांगितलं, तर मुलं मान फिरवतात आणि बघत काहीच नाहीत. बघण्याची वेळ शिकवावी लागते. सहकाऱ्याच्या पायातून चेंडू सुटला की तो पोचेपर्यंत एक मोकळा क्षण मिळतो. तेवढ्यात खांद्यावरून नजर मागे टाकायची. गडी कुठल्या बाजूने येतोय आणि जागा कुठे रिकामी आहे, एवढं दिसलं तरी पहिला टच कुठे घ्यायचा ते ठरतं. मग डोळे पुन्हा चेंडूवर. खेळाडूच्या पाठीमागे उभं राहून रंगीत कार्ड दाखवायचं आणि त्याने मान वळवून रंग ओळखायचा, हा सराव मला म्हणूनच पटत नाही. कार्ड चेंडू हिसकवायला धावून येत नाही. त्यापेक्षा चौघांच्या रिंगणात दोघे सोडावेत, लहान मैदानात चार विरुद्ध चार खेळवावं.

आणि आमची मैदानं! खडबडीत जमिनीवर चेंडू कुठेही उसळतो. तिथे पोरगं चेंडूवरून नजर काढत नाही, ते बरोबरच करतं. त्यामुळे हा बघण्याचा सराव मी सपाट तुकडा शोधून, जवळच्या पासवर घेतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने रंगतात तेव्हा गॅलरीतला आरडाओरडा ही आपली शान असते. मुलांच्या सामन्यात मात्र 'मार', 'दे', 'सोड' असं बाहेरून ओरडलं की निर्णय आपण घेतो, पोरगं फक्त कान देतं आणि बघणं सोडून देतं. पालकांनो, गोल झाल्यावर खुशाल ओरडा. चेंडू त्याच्याकडे येत असताना तेवढं गप्प राहा.