दोन तोंडांचे घड्याळ

वॉर्सा शहराच्या दक्षिणेला विलानूव नावाचा राजवाडा आहे. मागच्या जूनमध्ये मुलाकडे गेलो होतो, तेव्हा तो पाहण्याचा योग आला. पोलंडचा राजा तिसरा यान सोबिएस्की याने १६७७ साली ही जागा विकत घेतली. हा राजा मे १६७४ मध्ये निवडला गेला आणि पुढच्याच महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला! तिथे उभे असताना हा योगायोग आठवला आणि राजवाडा एकदम ओळखीचा वाटू लागला.

आत दालने, चित्रे, आरसे असा थाट आहेच. पण आमचे पाय खिळले ते बाहेर, दक्षिणेकडच्या भिंतीपाशी. पंख पसरलेला एक दाढीवाला म्हातारा हातात भलेमोठे वस्त्र धरून आहे. हा ग्रीकांचा कालपुरुष क्रोनोस, आणि ते वस्त्र म्हणजे सूर्यघड्याळाची तबकडी! डान्झिगचा खगोलशास्त्रज्ञ हेवेलियस आणि राजाच्या पदरचा गणिती कोहान्स्की यांची नावे या घड्याळाशी जोडली जातात. याच हेवेलियसने १६८४ मध्ये आकाशातल्या एका तारकासमूहाला सोबिएस्कीच्या ढालीचे नाव दिले होते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याचा इथे गोंधळ होतो. आपल्या घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात, त्याच्या उलट भिंतीवरची सावली सरकते. कारण सोपे आहे. भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो की पूर्व आपल्या उजव्या हाताला येते. सकाळी सूर्य उजवीकडे, म्हणून सावली डावीकडे. बाराला ती सरळ खाली आणि दुपारनंतर उजवीकडे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून सळईच्या टोकाची सावली भिंतीवर वरच राहते. उन्हाळ्यात ती खूप खाली उतरते. त्यामुळे अशा घड्याळावर तासांबरोबर सूर्याची रासही दाखवता येते.

सावलीचे बारा वाजले तेव्हा माझ्या मनगटावर बारा छत्तीस झाले होते. बिघाड कशातच नव्हता. सळई सांगते तिथल्या सूर्याची वेळ, आणि मनगटावर होती सगळ्या देशासाठी ठरवलेली वेळ, तीही उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली.

फोटो घेऊन आम्ही होसकोट्याला परतलो. बंगळूरजवळचे हे गाव एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आमच्या नातीने फोटो पाहिला आणि हट्टच धरला, ‘‘आजोबा, आपल्या भिंतीवरपण असंच करू या!’’ घराची एक भिंत बरोबर दक्षिणेकडे आहे. पुठ्ठा आणला, सायकलच्या चाकाची तार आणली. फोटोतल्यासारखी तार लावली, पण तास काही जुळेनात. मग चूक ध्यानात आली. सळई नेहमी पृथ्वीच्या आसाला समांतर हवी. वॉर्सा ५२ अंशांवर, म्हणून तिथे सळई भिंतीशी ३८ अंशांचा कोन करते. होसकोटे १३ अंशांवर, म्हणून इथे तो ७७ अंशांचा हवा. तार वाकवली, रेघा नव्याने आखल्या, आणि संक्रांतीला सावलीचे बारा वाजले तेव्हा घड्याळात बारा अठ्ठावीस झाले होते. त्यातली एकोणीस मिनिटे होसकोटे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून पश्चिमेला असल्याची आणि उरलेली नऊ सूर्याच्या जानेवारीतल्या चालीची. नातीने तिळगूळ वाटताना शेजारीपाजारी सगळ्यांना घड्याळ दाखवले.

मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणी मुद्दाम घड्याळ पाहायला आल्या. भर दुपारी, कडक उन्हात, भिंतीवर सावलीच नव्हती! ‘‘आजोबा, घड्याळ मेलं?’’ पोरीचे डोळे भरून आले. मलाही दोन दिवस काही सुचेना.

उत्तर आकाशातच होते. साधारण २५ एप्रिलला सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो; उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. त्यानंतर १८ ऑगस्टच्या सुमारापर्यंत सूर्य दिवसभर आमच्या उत्तरेलाच असतो. जवळजवळ चार महिने दक्षिणेच्या भिंतीला ऊन म्हणून लागत नाही. वॉर्सात सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. म्हणून तिथल्या राजाला एक भिंत पुरली.

आपल्याकडच्या जाणकारांना हे पक्के ठाऊक होते. सवाई जयसिंगाने जयपूरला राजवाड्यालगत उभारलेल्या जंतरमंतरातले नाडीवलय यंत्र पाहा. त्याला दोन तोंडे आहेत. सहा महिने उत्तरेचे चालते, सहा महिने दक्षिणेचे. उज्जैनच्या वेधशाळेतही ते आहे आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये त्या वेधशाळेची दुरुस्ती करवली होती. युरोपातले घड्याळ पाहून हरखलो, पण घरच्या या दोन तोंडांचा अर्थ मला तेव्हा कुठे उमगला!

आता आमच्या उत्तरेच्या भिंतीवरही एक पुठ्ठा आहे. तिथली तार वर, ध्रुवाकडे तोंड करून आहे; जणू एकच तार घरातून आरपार गेली आहे. एप्रिल संपत आला की नात सगळ्यांना बजावते, ‘‘आता मागच्या दाराचं घड्याळ बघायचं हं!’’