लोमांची बोली

आर्मेनियात येरेव्हानहून ग्युम्रीकडे निघालेली आगगाडी आधी पश्चिमेला आर्मावीरपर्यंत जाते, मग तुर्कस्तानच्या सीमेला बिलगून उत्तरेकडे वळते. उजवीकडे ४,०९० मीटर उंचीचा अरागात्स, डावीकडे अखुर्यान नदी आणि पलीकडे दुसरा देश. ती सीमा १९९३पासून बंद आहे. पण ग्युम्री घडलं ते पलीकडून आलेल्या माणसांमुळेच. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १८२९च्या तहानंतर एर्झुरूम आणि कार्सकडची आर्मेनियन कुटुंबं रशियाच्या ताब्यातल्या या बाजूला सरकली. एर्झुरूमला आर्मेनियन लोक कारिन म्हणतात. तिथली कारिन बोली ग्युम्रीच्या रस्त्यांवर आजही ऐकू येते.

मी आले होते ‘बोशा’ या शब्दाचा माग काढत. काही बोलींत तो ‘पोशा’ होतो. ज्या घरी उतरले होते तिथल्या आजींनी मला बजावलं, “बाजारात हा शब्द मोठ्यानं बोलू नकोस. लोकांना लागतं.” खरंच आहे, ती शिवीच झाली आहे. ज्यांना ती दिली जाते, ते स्वतःला लोम म्हणवतात. हे लोक आर्मेनियन चर्चचे, आर्मेनियन बोलणारे. पिढीजात धंदा चाळण्या करून गावोगाव विकण्याचा.

आणि मूळ भारतातलं. हजारेक वर्षांपूर्वी, कदाचित त्याही आधी, पूर्वज तिथून निघाले. वाटेत व्याकरण गळून आर्मेनियन झालं, पण शब्दांचा मोठा साठा टिकला. त्यांच्या लोमावरेन बोलीत पाण्याला ‘पानी’ आणि माणसाला ‘मनुस’. दोनला ‘लुई’ आणि दहाला ‘लस’ म्हणतात, कारण शब्दाच्या आरंभीच्या ‘द’ आणि ‘ड’चा तिथे ‘ल’ झाला. याच वाटेने ‘डोम’ या भारतातल्या जातीच्या नावाचा ‘लोम’ झाला. युरोपातले रोम, पश्चिम आशियातले दोम आणि आपल्याकडे दोरीवर चालणारा डोंबारी, सगळे त्याच मुळाचे. आर्मेनियन वाक्यात हे शब्द पेरले की समोरच्या गिऱ्हाइकाला काही कळत नसे. त्या आडोशामुळेच ते इतकी शतकं टिकले असावेत.

वर्दानांत्स चौकातल्या काळ्या दगडाच्या चर्चच्या आवारात ७ डिसेंबर १९८८च्या भूकंपात कोसळलेले घुमट अजून ठेवले आहेत. त्या पडझडीच्या खुणा गाव अभिमानाने जपतं. लोमांच्या शब्दांच्या वाट्याला तेवढं जपणं आलं नाही. पीटर्सबर्गमध्ये केरोव्बे पात्कानोव्ह यांनी १८८७मध्ये आणि फ्रांत्स निकोलाउस फिंक यांनी १९०७मध्ये या बोलीवर लिहिलं, म्हणून आपल्यापर्यंत एवढं तरी पोचलं. आज लोमांची मुलं आर्मेनियनच बोलतात, आणि शिवीच्या धास्तीनं कित्येक घरं आपली ओळख सांगत नाहीत. उरलेले शब्द म्हाताऱ्यांकडे आहेत. ‘पानी’ आणि ‘मनुस’ ऐकताच ओळखणारे आपल्याकडचे भाषाभ्यासक इथे यावेत, या म्हाताऱ्यांशेजारी बसावेत, असं मला फार वाटतं.