एक खिडकी, चाळीस माणसं

साखरखेर्ड्यात मोठी झुंज एकदाच झाली, असं इतिहासकार मानतात. १७२४ साली निजामाने इथे मुबारिझखानाला हरवलं. हे इतिहासकार एक तारखेला आमच्या बँकेत कधी आलेले नाहीत. त्या दिवशी माझ्या खिडकीसमोर हत्ती तेवढे नसतात.

माझा भाचा पुण्यात सर्व्हर लिहितो. सर्व्हर कुणी लिहितं, हेच मला नवीन. आमच्या माहितीत तो फक्त डाऊन असतो. दिवाळीत त्याला विचारलं, "अरे, एक यंत्र हजारो माणसांना एकदम उत्तर देतं कसं?"

"मामा, पूर्वी दर गिऱ्हाइकामागे एक कारकून बसवायचे. त्याला थ्रेड म्हणतात. पण प्रत्येकाला टेबल-खुर्ची हवी, म्हणजे मेमरी हवी. दहा हजार गिऱ्हाइकं आली की खुर्च्यांतच बँक संपते! डॅन केगेलने १९९९ साली या दहा हजारांच्या प्रश्नावरच लिहिलं. हास्केल, एर्लांग या फंक्शनल भाषांचे कारकून हलके. सतरंजीवर लाखभर मावतात. शिवाय तिथे एकदा लिहिलेली किंमत खोडत नाहीत, त्यामुळे एका वहीसाठी दोघांची ओढाताण नाही."

मी बी.कॉम. आहे. खातेवहीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर उलट नोंद करायची, हे मला कॉलेजातच शिकवलं होतं. म्हणजे मी इतकी वर्षं फंक्शनलच होतो, फक्त पगार कारकुनाचा होता.

"सगळ्याच तशा नाहीत," भाचा म्हणाला. "ओकॅमलमध्ये डिसेंबर २०२२ ला ५.० येईपर्यंत थ्रेड कितीही असले तरी एका वेळी एकच काम करायचा. बाकीचे कुलूप सुटायची वाट बघत."

चार कारकून आणि शिक्का एक! परदेशी भाषेबद्दल मला प्रथमच आपलेपणा वाटला.

एर्लांग मात्र १९८६ च्या सुमारास एरिक्सन या टेलिफोन कंपनीत जन्मली. तिच्यावर चालणाऱ्या व्हॉट्सअॅपने २०१२ साली एका यंत्रावर वीस लाख जोडण्या सांभाळल्या. युक्ती साधी. प्रत्येकाला ठरावीक काम करू द्यायचं, मग रांगेच्या शेवटी पाठवायचं. खिडकी कुणी अडवायची नाही.

युक्ती मला पटली. एक तारखेला मी एका हाताने पेन्शनच्या नोटा मोजत होतो, डोळे दुसऱ्याच्या पासबुकावर, कान तिसऱ्याच्या तक्रारीवर. नोटा घेऊन आजी खिडकीतच मोजायला लागल्या.

"आजी, बाजूला व्हा. मागे चाळीस माणसं आहेत!" मी खेकसलो.

आजी मुकाट्याने बाजूला झाल्या. तासाभराने पाहतो तर पुन्हा रांगेतून खिडकीशी. आता काय भांडण, म्हणून मी आवाज तयार ठेवला.

"बापू, पाचशाची एक नोट जास्त आली. संध्याकाळी तुले भरा लागन ना?"

पाय दुखत असताना ती बाई माझ्या चुकीपायी दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली होती. त्या दिवसापासून आजी लोक खिडकीतच नोटा मोजतात. मागच्यांनी खुशाल ओरडावं.

हे भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, एर्लांगमध्ये चुकलेल्या कारकुनाला सरळ मरू देतात. सुपरवायझर लगेच नवा बसवतो."

मी हळूच मागे वळून पाहिलं. साहेब ऐकत नव्हते.